जानेवारीपासून संपूर्ण बायबल: आमच्या पर्वरीच्या सोसायटीच्या गटावरील चर्चा

सदनिका 503 : सर्वांना सप्रेम नमस्कार. नाताळच्या संध्याकाळी गच्चीवर बोलणे झाल्याप्रमाणे, आपल्या इमारतीतील ज्या ख्रिस्ती कुटुंबांना नव्या वर्षात रोज वाचून संपूर्ण बायबल पूर्ण करायचे आहे, त्यांच्यासाठी मी एक साधा हिशेब केला आहे. आमच्या घरातील मराठी बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. 365 दिवसांत ते वाटून घेतले, तर रोज तीन अध्याय आणि अधूनमधून चौथा, एवढेच वाट्याला येतात. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात करावी आणि 31 डिसेंबरला प्रकटीकरण संपवावे, असे मला वाटते. कोणाची हरकत नसल्यास तक्ता आजच छापून घेते.

सदनिका 302 : तुझा हिशेब बिनचूक आहे, पण छापण्याची घाई करू नकोस. याच गतीने ओळीने वाचत गेलो, तर आपण कोणत्या तारखेला कोठे असू, ते जरा पाहा. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय जानेवारीच्या अखेरीस संपतील, फेब्रुवारीचा पहिला आठवडा लेवीयात जाईल आणि लगेच गणना सुरू होईल. मत्तयाचे शुभवर्तमान उघडायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडेल. म्हणजे कार्निव्हल, उपवासकाळ, ईस्टर, सांजांव (जूनमधला संत जॉनचा सण), सगळा पावसाळा आणि चतुर्थी एवढे सारे सरले, तरी येशूचा जन्म आपल्या वाचनात झालेला नसेल. ख्रिस्ती वाचकाला शुभवर्तमानासाठी नऊ महिने ताटकळत ठेवणारे वेळापत्रक मला पटत नाही.

दुसरी गोष्ट. लोकांचे वाचन फेब्रुवारीत सुटते त्याचे कारण आळस असतो, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. निर्गमाच्या 25 ते 31 या अध्यायांत निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची, मापे, पडदे, कड्या आणि खुंट्या यांचे तपशील येतात. ते संपले म्हणून आपण सुस्कारा टाकावा, तर 35 ते 40 या अध्यायांत तेच सारे प्रत्यक्ष घडवल्याचे वर्णन पुन्हा येते आणि त्याला लागूनच लेवीयातील अर्पणांचे नियम सुरू होतात. हा मजकूर निरर्थक मुळीच नाही. परंतु त्याचा ख्रिस्ताशी काय संबंध, हे सांगणारे पान हजार पानांपलीकडे असेल, तर वाचक कशाच्या आधारावर पुढे जाणार?

सदनिका 105 : बाईंचे म्हणणे मान्य आहे. मात्र एक मूलभूत प्रश्न राहतोच. 503 च्या ताईंनी प्रॉटेस्टंटांचे 66 पुस्तकांचे बायबल धरले आहे. आम्ही वसईकडचे कॅथलिक. आमच्या बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, कारण जुन्या करारात तोबीत, यहूदीथ, मक्काबीची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख ही सात पुस्तके अधिक येतात. दानीएलाचे तुमच्याकडे 12 अध्याय आहेत, आमच्याकडे 14. शेजारच्या 104 मधील कुटुंब गोव्याचेच आहे आणि ते रोमी कोकणीतून वाचते, पण पुस्तके आमच्याइतकीच. मग एकच तक्ता सर्वांना कसा चालेल? आणि स्पष्ट विचारतो, रोजच्या मिस्सेतील (चर्चमधील मुख्य उपासनाविधीतील) वाचने ठरलेली असताना आम्ही हा वेगळा उद्योग का करावा? रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे, इतर दिवसांचे दोन वर्षांचे आहे, आणि ते विचारपूर्वक बांधलेले आहे.

सदनिका 302 : काका, मिस्सेची वाचने मोडावीत असे कोणीच म्हणणार नाही. ती चर्चच्या वर्षाबरोबर चालतात, आणि एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक ही रविवारची मांडणी मला आमच्या उपासनेतील निवडीपेक्षा शिस्तीची वाटते. पण ती निवडलेली वाचने आहेत. तीन वर्षे एकही रविवार न चुकवता, आणि रोजच्या मिस्सेलाही जाऊन, जुन्या कराराचा फार मोठा भाग कानांवर पडत नाही. शास्ते या पुस्तकातील भीषण शेवट किंवा ईयोबाच्या मित्रांची लांबलचक भाषणे सलग वाचल्याशिवाय कळत नाहीत. संत जेरोम यांचे वचन तुम्हीच मागे फादरांच्या प्रवचनातून सांगितले होते, की शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान. सात पुस्तकांच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते आकडेमोड करून रात्री कळवते.

सदनिका 204 : मी ख्रिस्ती नाही, तरी विषय रोज वाचण्याचा असल्यामुळे विचारण्याचे धाडस करते. आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, तेव्हा कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत वाचायचे हे ठरलेले असते, आणि मध्येच खंड पडला तर घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. तुमच्या वाचनाला असे नियम आहेत का? एखादा दिवस चुकला तर काय करतात?

सदनिका 302 : वहिनी, प्रश्न फार योग्य विचारलात. वर्षभरात बायबल संपवावे अशी आज्ञा बायबलमध्ये कोठेही नाही. ही अलीकडच्या काळातील सोय आहे, व्रत नव्हे. या प्रकारचा सर्वात प्रसिद्ध तक्ता स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी तयार केला. त्यात जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या 29 व्या वर्षी, ते वारले. मला त्या तक्त्यापेक्षा त्यांनी सोबत दिलेले इशारे अधिक मोलाचे वाटतात. वाचन केवळ उपचार होऊन बसेल, रोजचा वाटा संपवल्याचा अहंकार येईल, मन न लावता पाने उलटली जातील, आणि काहींना ते न पेलणारे ओझे होईल, हे चारही धोके त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत. तेव्हा दिवस चुकला तर चुकला. राहिलेले अध्याय एका रात्रीत उरकण्यापेक्षा त्या दिवशीच्या जागी येऊन बसावे, हे बरे. मागचे राहिलेले नंतर सवडीने वाचता येते.

सदनिका 401 : नमस्कार. मी जहाजावरून लिहितो आहे, आणि बंदर सोडले की आठवडाभर संपर्क नसतो. त्यामुळे तक्ता कागदावर किंवा फोनमध्ये साठवता येईल असा असावा, ही विनंती. दुसरे म्हणजे, बारा तासांच्या पाळीनंतर डोळे मिटतात, म्हणून मी मराठी बायबलचे ध्वनिमुद्रण ऐकतो. संपूर्ण बायबल मोठ्याने वाचायला सुमारे 70 ते 75 तास लागतात, म्हणजे दिवसाला साधारण 12 मिनिटे. ऐकणे हे वाचनात धरले जाईल का?

सदनिका 204 : भाऊ, त्याचे उत्तर आपल्या गोव्यानेच चारशे वर्षांपूर्वी दिलेले आहे. आम्ही महाविद्यालयात शिकवतो ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, लिपी रोमी आणि भाषा मराठी. पहिल्या भागात सृष्टीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. अक्षरओळख नसलेल्या येथील नव्या ख्रिस्ती लोकांना आरंभापासून अंतापर्यंतची कथा कानांवाटेच मिळाली. तुमच्या गटाने ऐकणाऱ्यांना कमी लेखू नये, असे मी बाहेरची असूनही म्हणेन.

सदनिका 105 : बाहेरच्या कसल्या? हे आमच्या पाद्रीबाबांनीही सांगितले नव्हते. ऐकणे धरावे, माझी संमती आहे. माझ्या पत्नीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला मीच वाचून दाखवणार. सोबतीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळ ठेवीन.

सदनिका 302 : आता आकडेमोड. जुन्या करारातील स्तोत्रसंहिता बाजूला काढली, तर 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये जुन्या कराराचे 779 अध्याय उरतात. वर्षाच्या 52 आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला 15 होतात. नव्या कराराचे अध्याय बरोबर 260 आहेत, म्हणजे आठवड्याला पाच. तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज जुन्या करारातील तीन आणि नव्या करारातील एक अध्याय वाचला, तर वर्षात सगळे बसते आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात. शनिवारी मागे पडलेले वाचावे, रविवारी मिस्सेत किंवा उपासनेत जे वाचले जाईल तेच पुन्हा घरी उघडावे.

याशिवाय रोज एक स्तोत्र. स्तोत्रे 150 आहेत आणि वाचनाचे दिवस 260, म्हणजे 110 दिवस उरतात. काका, तुमची सात पुस्तके येथे बसतात. त्यांचे एकूण 137 अध्याय होतात. बेन सिराचेच 51 आहेत, पण ते नीतिसूत्रांसारखे असल्याने एका दिवशी दोन, क्वचित तीन वाचणे जड जात नाही. दानीएल आणि एस्तेर यांतील तुमचे अधिकचे भाग त्या त्या पुस्तकासोबतच घ्यावेत. त्या 110 दिवसांत आम्ही प्रॉटेस्टंट स्तोत्रे पहिल्यापासून पुन्हा वाचू. 119 वे स्तोत्र 176 वचनांचे आहे, तेवढे मात्र शनिवारी ठेवले आहे. तक्ता एकच, फक्त शेवटचा रकाना दुहेरी.

नव्या कराराचा क्रम मी एका ठिकाणी मुद्दाम मोडला आहे. लेवीय फेब्रुवारीच्या मध्यापासून येते, बहुधा कार्निव्हल आणि उपवासकाळाच्या आसपास. त्याच दिवसांत इब्री लोकांस पत्र ठेवले आहे. लेवीयाच्या 16 व्या अध्यायात प्रमुख याजक वर्षातून एकदा पडद्याआड जातो, तो विधी आहे, आणि इब्री लोकांस पत्राच्या 9 व्या अध्यायात ख्रिस्ताच्या संदर्भात त्याच विधीची चर्चा आहे. दोन्ही एकाच आठवड्यात वाचले की रुक्ष वाटणारे नियम एकदम बोलू लागतात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील नऊ अध्यायांच्या वंशावळ्यांसाठी असा काही उपाय मला सुचला नाही. त्या तीन दिवसांत सरळ वाचून पुढे जावे, पण वगळू नयेत, असे माझे मत आहे.

सदनिका 503 : बाई, हे माझ्या सरळ तक्त्यापेक्षा कितीतरी व्यवहार्य आहे. फक्त एक शंका. तीन अध्याय वाचून झाल्यावर काहीच कळले नाही, असे झाले तर कोणाला विचारायचे? दोन्ही चर्चमधले फादर आणि पाळक साहेब रोज उपलब्ध असतील, असे नाही.

सदनिका 302 : प्रेषितांच्या कृत्यांच्या 8 व्या अध्यायात हाच प्रसंग आहे. रथात बसून यशया वाचणाऱ्या कुशी अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो, की वाचता ते समजते का. आणि तो म्हणतो, की कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजणार. म्हणून एकेकट्याने वाचण्यावर माझा फारसा विश्वास नाही. शनिवारी सायंकाळी साडेसहाला माझ्या घरी बसू, ज्याला जे अडले ते त्याने सांगावे, आणि कोणालाच सुटले नाही ते चिठ्ठीवर लिहून रविवारी आपापल्या चर्चमध्ये विचारावे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांची उत्तरे वेगळी आली, तर दोन्ही ऐकून घेऊ. वाद घालायला वर्ष पुरणार नाही आणि वाचन मागे पडेल.

सचिव : सर्व सभासदांना विनंती आहे की, यापुढील रोजची चर्चा स्वतंत्र गट करून तेथे व्हावी, कारण हा गट पाणी, लिफ्ट आणि देखभालीच्या सूचनांसाठी आहे. तक्त्याच्या प्रती सोसायटीच्या कार्यालयातील प्रिंटरवर काढण्यास माझी हरकत नाही, कागद आपण आणावा.

सदनिका 503 : आभारी आहे. स्वतंत्र गट आत्ताच करते, 204 च्या वहिनींची इच्छा असल्यास त्यांनाही घेते. 401 च्या भाऊंना तक्त्याचे छायाचित्र आज रात्रीच पाठवते, म्हणजे बंदर सोडण्यापूर्वी मिळेल. पहिल्या दिवसाचे वाचन असे: उत्पत्ति 1 ते 3, मत्तय 1, स्तोत्र 1.