मदत हवी आहे: होमस्कूलिंगमध्ये इतिहास एका पातळीचा आणि वाचनाची पुस्तकं दुसऱ्या पातळीची, असं जमतं का?

नमस्कार मंडळी,

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरला १२ वर्षांचा, धाकटी ९ वर्षांची. इतिहास आणि साहित्य एकत्र गुंफलेला अभ्यासक्रम घ्यायचं मनात आहे, म्हणजे रोमचा काळ चालू असेल तर गोष्टींची पुस्तकंही त्याच काळातली. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण असे बहुतेक संच पातळीनुसार बांधलेले असतात. एक पातळी घेतली की इतिहासाचं मुख्य पुस्तक, मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तकं, मुलांनी स्वतः वाचायची पुस्तकं, लेखनाचा सराव, सगळं त्याच पातळीचं हातात पडतं. आणि आमच्याकडे दोघांपैकी कुणीच एका पातळीत मावत नाही.

थोरल्याचं वाचन संथ आहे. शब्द लावता लावताच दमतो आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ऐकलेलं मात्र त्याला पक्कं कळतं. नुकताच आम्ही इ.स. ७९ मधला, इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक घेतला. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने त्याबद्दल इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली पत्रं मी वाचून दाखवली. पाइनच्या झाडासारखा वर जाऊन फांद्या पसरणारा तो ढग, जहाजं घेऊन तिकडे निघालेला मामा, आणि अभ्यास करायचाय म्हणून मागे राहिलेला १७ वर्षांचा भाचा, म्हणजे प्लिनी स्वतः. थोरल्याने मध्येच थांबवलं. "आई, हे त्याने तेव्हाच लिहिलं की नंतर?" म्हटलं, साधारण २५ वर्षांनी. "मग एवढं नेमकं कसं आठवलं? आणि मामा तर तिकडेच गेला, तिथलं याला कुणी सांगितलं?" इतिहासात विचारायचा प्रश्न हाच तर आहे! अशा मुलापुढे, केवळ वाचन मागे आहे म्हणून, त्या उद्रेकात गाडलं गेलेलं पॉम्पेई शहर चार ओळींत उरकणारं लहान मुलांचं पुस्तक ठेवायला माझा हात धजत नाही.

धाकटीचं नेमकं उलट. भावाच्या वयाची जाडजूड पुस्तकं ती सहज संपवते, शब्द अडत नाहीत. अडतो तो आशय. पॉम्पेईच्या राखेत मृतदेहांच्या जागी उरलेल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून माणसांचे आकार मिळवायची पद्धत पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने १८६३ मध्ये सुरू केली, त्यात पुढे साखळीला बांधलेल्या एका कुत्र्याचाही आकार मिळाला. त्याचा फोटो तिने पाहिला, खालचा मजकूर स्वतःच वाचला, आणि मग बरेच दिवस एकच विचारत होती, त्याला कुणी सोडलं का नाही. लेक्साइलसारखी, पुस्तक वाचायला किती अवघड ते आकड्यात सांगणारी मोजमापं वाक्यांची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत एवढंच बघतात. आत काय घडतं ते त्या आकड्यात येत नाही. पुढे प्लेगची साथ येईल, गुलामांचा व्यापार येईल, महायुद्धं येतील. त्या वेळी तिच्यासाठी आकड्यावरून पुस्तक निवडून कसं चालेल?

थोडं वाचन केलंय त्यावरून माझं मत एका बाजूला झुकलंय. गफ आणि टनमर या संशोधकांची १९८६ची मांडणी सांगते की वाचून समजणं हा अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार आहे. थोरल्याची फक्त पहिली बाजू कमी पडते. दुसरं म्हणजे रेश्ट आणि लेस्ली यांचा १९८८चा बेसबॉलचा अभ्यास. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा बेसबॉलवरचा उतारा जास्त चांगला समजली होती. म्हणजे विषय आधी कानावरून नीट गेला असेल, तर त्याच विषयावरचं पुस्तक थोरल्याला हलकं जायला हवं.

म्हणून विचार असा: इतिहास एकच, वरच्या पातळीचा, दोघांना एकत्र वाचून दाखवायचा. स्वतः वाचायची पुस्तकं मात्र ज्याची त्याला. थोरला ऐकलेलं तोंडी सांगेल आणि मी उतरवून घेईन, धाकटी स्वतः लिहील. (अक्षरओळखीचा आणि वाचनाचा त्याचा वेगळा सराव चालूच आहे, तो बंद करणार नाही.)

आता जिथे अडलेय ते. वेगवेगळ्या पातळ्यांचे संच काळ वेगवेगळ्या गतीने घेतात. एकात ग्रीस आणि रोम मिळून एक वर्ष, दुसऱ्यात प्रत्येकाला वर्ष. मग खालच्या संचातली वाचनाची पुस्तकं वरच्या संचातल्या इतिहासाशी जुळत नाहीत. धाकटीचं निभावेल, पण थोरल्याला ऐकलेल्याचा आधार हवा, त्याचा काळ जुळलाच पाहिजे असं मला वाटतं. तुम्ही संच फोडून पुस्तकं स्वतः लावलीत का? की एकच संच घेऊन फक्त वाचनाची पुस्तकं बाहेरून आणलीत?

ऑडिओ ऐकत पुस्तकावर बोट फिरवणं सुरू केलंय, त्याला ते आवडतंय. ते कमी कधी आणि कसं करायचं?

आणि सगळ्यात जास्त काळजी याची. बहिणीच्या हातातलं पुस्तक आपल्यापेक्षा जाड आहे हे त्याला दिसतं. तो बोलत नाही, पण स्वतःचं पुस्तक उपडं ठेवतो. छोटी वाक्यं, मोठा टाइप, पण बारा वर्षांच्या मुलाला आपलीशी वाटतील अशी ऐतिहासिक पुस्तकं निवडताना तुम्ही काय बघता? धाकटं भावंड वाचनात पुढे असलेल्या घरांतल्या पालकांनी कृपया जरूर लिहा, अगदी सविस्तर लिहिलंत तरी चालेल.