मदत हवी आहे: मेनी मोअर की मच मोअर? कासच्या फुलांवरनं अर्धा मार्क गेलाय

नमस्कार मंडळी, साताऱ्यातनं लिहितोय. पोरगी नववीला आहे, सेमी इंग्लिश. क्लासच्या टेस्टला कास पठारावर दहा ओळी लिहायच्या होत्या, तिनं लिहिलं ‘धिस इयर वी सॉ मेनी मोअर ब्यूटिफुल फ्लॉवर्स’, तर सरांनी मेनी खोडून मच केलं आणि अर्धा मार्क कापला, का तर म्हणे कम्पॅरेटिव्हच्या (म्हणजे बेटर, मोअर असल्या तुलनेच्या रूपाच्या) आधी मचच लागतं. पोरगी म्हणते पप्पा फुलं मोजता येतात, मग मेनीच येणार. आता मी मराठी मिडियमचा, मी काय निवाडा करणार?

मला एवढं माहितीये की व्हेरी बेटर चालत नाही, मच बेटर म्हणायचं, ते छडी खाऊन पाठ झालंय. पण का ते कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडं कसं, लय चांगलं, त्याच्यापेक्षा लय चांगलं, लय पाणी, लय माणसं, एका लयवर सगळं भागतं. ह्या लोकांनी त्याचे व्हेरी, मच, मेनी असे तीन तुकडे का केलेत देव जाणे. आणि जाता जाता, अ लिटल बेटर आणि नुसतं लिटल बेटर ह्यात फरक काय तेपण सांगा.

कृष्णाकाठ (सांगली):
दादा, सर आणि पोरगी दोघंही बरोबर असू शकतात, वाक्यातलं मोअर कुणाला चिकटलंय ते बघायचं. ब्यूटिफुलला चिकटलं तर फुलं गेल्या वर्षीपेक्षा जास्त सुंदर होती, सुंदरपणा काय मोजता येत नाही म्हणून मच मोअर ब्यूटिफुल. फ्लॉवर्सला चिकटलं तर सुंदर फुलं संख्येनं जास्त होती, मग मेनी मोअर. मेनी फक्त मोअर किंवा फ्यूअरच्या आधी आणि तेपण पुढं अनेकवचनी नाम असेल तरच. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, धोम धरणात १३.५, तर कोयनेत मच मोअर वॉटर (टीएमसीत मोजतो ते सोडा, इंग्रजीत एक पाणी दोन पाणी होत नाही) आणि धरण मच बिगर. मेनी बिगर कधीच नाही.

व्हेरीचं म्हणाल तर ते साध्या विशेषणाला लागतं, व्हेरी बिग. बिगर म्हटलं की दोन गोष्टींतलं अंतर आलं, ते अंतर किती हे सांगायला मच, अ लॉट, अ बिट, अ लिटल असले मापाचे शब्द लागतात. पेशंट अ लिटल बेटर म्हणजे जरा उतार पडलाय. लिटल बेटर म्हणजे फारसा फरक नाही, काळजी करा.

घाटमाथा:
माझी युक्ती, गोंधळ झाला की सरळ ‘फार’ टाका. इंग्रजीतला फार आणि आपला फार ऐकायला सारखेच, आणि तो कुठंपण बसतो, फार बेटर, फार मोअर वॉटर, फार मोअर फ्लॉवर्स, फार फ्यूअर. फक्त आपल्यासारखं फार गुड करू नका, पुढं कम्पॅरेटिव्ह पाहिजेच.

कृष्णाकाठ (सांगली):
हे भारी आहे 😀 अजून एक, आपण दोन वर्षांनी मोठा म्हणतो त्यामुळं पोरं बाय टू इयर्स ओल्डर लिहितात. मापाचा आकडा आधी आला की बाय नको, नुसतं टू इयर्स ओल्डर.

(धागाकर्ता):
लय आभार दोघांचे. आत्ताच पोरीला विचारलं तुला नक्की काय म्हणायचं होतं, तर म्हणते गेल्या वर्षी आपण उशिरा गेलेलो, फुलं संपत आलेली, ह्या वर्षी जिकडं तिकडं फुलं होती. म्हणजे मेनीच की! उद्या पेपर घेऊन क्लासला पाठवतोय, पण तिला सांगितलंय, आधी सरांना नीट विचार, भांडू नको.