मदत हवी आहे: आजारी व्यक्तीने कम्युनियन गिळलं नाही तर काय करावं?

आमच्या कॅथोलिक धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेत अर्पण झालेली, ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पातळ भाकरी (ख्रिस्तप्रसाद), नेऊन देण्याची सेवा मी चार महिन्यांपासून करते आहे. प्रशिक्षण झालं आहे, फादरांनी रीतसर नेमलं आहे. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की पिक्स (ख्रिस्तप्रसाद नेण्याची छोटी डबी) गळ्यात घालून थेट निघते. वाटेत कुठे थांबत नाही, कुणाशी गप्पा नाहीत. माझ्या यादीत पाच नावं आहेत. चार घरी सगळं सुरळीत होतं. पाचव्या घराबद्दल विचारायचं आहे.

तिथल्या आजींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची मुलगी एकटीच त्यांचं सगळं करते. आजी मला ओळखत नाहीत, पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की त्यांचे ओठ हलायचे आणि हात आपोआप जोडले जायचे. गेले तीन रविवार त्या ख्रिस्तप्रसाद तोंडात घेतात, पण गिळत नाहीत. परवा तर त्यांनी तो जिभेने बाहेर ढकलला आणि तो पांघरुणावर पडला. मी लगेच उचलून कॉर्पोरलमध्ये (ख्रिस्तप्रसादाखाली अंथरायच्या पांढऱ्या कापडात) गुंडाळला, चर्चमध्ये परत नेला आणि साक्रिस्टीत (उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीत) पाण्याच्या पेल्यात ठेवून वर झाकण घातलं. फादर बाहेरगावी होते. हात थरथरत होते माझे.

मुलगी रडायला लागली. म्हणाली, "आईला आता देवही नकोसा झाला का?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, एवढंच.

मी केलं ते बरोबर होतं का? येत्या रविवारी आजींना कम्युनियन द्यावं की नाही? त्यांनी ढकलून दिलं, याचा अर्थ त्यांना नको आहे असा घ्यायचा का? आणखी एक शंका आहे. मी पोचते तेव्हा बऱ्याचदा आजींचा नाश्ता नुकताच झालेला असतो. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, त्या उपवासाचं काय?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही अगदी योग्य केलंत. मी ही सेवा नऊ वर्षं करतोय, माझ्याही बाबतीत दोनदा असं घडलं आहे. ख्रिस्तप्रसाद पाण्यात पूर्ण विरघळून भाकरीचं रूप उरलं नाही, की ते पाणी साक्रारियममध्ये ओतायचं. साक्रिस्टीतल्या या कुंडाचं पाणी गटारात न जाता थेट जमिनीत मुरतं. तसं कुंड नसेल तर कुणाचा पाय पडणार नाही अशा स्वच्छ मातीत ओता. फादर आले की त्यांच्या कानावर घालाच.

उपवासाची काळजी करू नका. कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्याचं कलम 919 स्पष्ट आहे: वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी तासाभरात काही खाल्लेलं असलं तरी ते कम्युनियन घेऊ शकतात.

आता देण्याबद्दल. अख्खा ख्रिस्तप्रसाद देऊ नका. अगदी बारीक कण पुरतो, कणाकणात संपूर्ण ख्रिस्त आहे. आधी चमचाभर पाणी देऊन तोंड ओलं करा, कारण काही औषधांनी जीभ कोरडी पडते. आजींना नीट बसतं करा आणि तुम्हीही त्यांच्या नजरेसमोर बसा, उभ्याने देऊ नका. मी एक गोष्ट नेहमी करतो: मिस्सेत अर्पण न झालेल्या साध्या भाकरीचा कण आधी देऊन बघतो. तो गिळला गेला तरच पुढे जातो. तेही जमत नसेल तर कलम 925 प्रमाणे फक्त ख्रिस्तरक्ताच्या (अर्पण झालेल्या द्राक्षारसाच्या) रूपात कम्युनियन देता येतं. झाकणाच्या बाटलीतून नेऊन चमच्याने दोन-तीन थेंब द्यायचे, पण ते आधी फादरांशी बोलून ठरवावं लागतं.

प्रतिसाद २

मी नर्स आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते. स्मृतिभ्रंश वाढत गेला की तोंडात आलेली वस्तू खायची आहे हेच मेंदूला उमगत नाही. माणूस घास गालात धरून ठेवतो किंवा बाहेर ढकलतो. भातही ढकलतो, औषधाची गोळीही ढकलतो. म्हणून याला नकार समजू नका. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, हाताने दूर सारलं तर मात्र त्या दिवशी अजिबात आग्रह करू नका.

गिळताना खोकला येत असेल किंवा नंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना सांगायला लावा. पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यांना पाणी घट्ट करून देत असतील तर तुम्हीही तसंच द्या, आधी मुलीला विचारा. तुमच्या पाच घरांपैकी कुठे ऑक्सिजन लावलेला असेल तर तिथे मेणबत्ती पेटवू नका.

प्रतिसाद ३

माझे वडील शेवटचे काही महिने काहीच गिळू शकत नव्हते. आमचे सेवक तरीही दर रविवारी येत राहिले. स्तोत्र 23 वाचायचे, बाबांच्या कपाळावर क्रूसाची खूण करायचे, आध्यात्मिक कम्युनियनची (ख्रिस्ताला मनोमन स्वीकारण्याची) प्रार्थना म्हणायचे. बाबांना काय कळलं हे सांगता येणार नाही, पण वाचन सुरू झालं की त्यांचा श्वास संथ व्हायचा. तेव्हा कम्युनियन देता आलं नाही तरी जाणं थांबवू नका. आजींना आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार (आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायची प्रार्थना) मिळाला आहे का तेही विचारा. तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतात आणि तो केवळ शेवटच्या घटकेसाठी नसतो.

मला मात्र राहून राहून त्या मुलीचा विचार येतोय. आईला सोडून ती मिस्सेला जाते कधी? माझी आई बाबांपायी जवळजवळ वर्षभर चर्चची पायरी चढली नव्हती आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. इसवी सन 150 च्या सुमारास संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात डीकन (धर्मगुरूंचे मदतनीस सेवक) जे हजर नाहीत त्यांना नेऊन देतात असं आहे. "आजारी" असा शब्द तिथे नाही. ती मुलगीही हजर नसतेच ना? घरी हजर असलेले इतरही त्याच विधीत कम्युनियन घेऊ शकतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. चार महिने मी त्या घरी जाते आहे. ती टेबलावर पांढरं कापड अंथरते, मेणबत्ती लावते, आईचं डोकं सावरून धरते. आणि मी तिला एकदाही विचारलं नाही.

आज फोन केला. शेवटची मिस्सा कधी, म्हटलं तर तिला आठवावं लागलं. आईला सांभाळायला कोणी नाही, म्हणाली. मग तिनेच हळूच विचारलं, "मला पण देता येईल?" आधी कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) करायची तिची इच्छा आहे. फादर शुक्रवारी परतताहेत, शनिवारी ते तिच्या घरी येणार आहेत. आजींना अभ्यंगही तेव्हाच देतील. नाश्ता अर्धाच भरवून मी आल्यावर साध्या भाकरीचा कण देऊन बघायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

साक्रिस्टीतल्या वहीत माझ्या नावापुढे पाच आकडा होता. तो खोडून मी सहा केला आहे.