लांब सायकल राइडला स्वस्त आणि चविष्ट खाऊ काय न्यावा? (कोल्हापूर–गगनबावडा–कोल्हापूर)

रंकाळा_पॅडल
जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. वेग ताशी २०–२२, म्हणजे सीटवर साडेपाच तास धरा. पहाटे साडेपाचला पोहे खाऊन निघायचं आहे. दुकानातली एनर्जी जेल आणि बार एवढ्या तासांसाठी घ्यायची तर खिसा रिकामा होतो. घरी करता येईल असं काय न्यावं, किती आणि कधी खावं? शेंगदाणे-गूळ पुरेल का? जर्सीला मागे तीन खिसे, सायकलला ७५० मिलीच्या दोन बाटल्या. कॅरिअर नाही.

फ्रीव्हील_सांगावकर
आधी हिशोब, मग खाऊ. एवढ्या लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे साखर-पिष्ट) लागतात. सवय नसेल तर ४० धरा. पोहे खाऊन निघताय, तेव्हा पहिला पाऊण तास सोडून द्या. उरलेल्या वेळेला १९०–२०० ग्रॅम पुरतात. भूक लागायची वाट बघू नका. ती लागेपर्यंत उशीर झालेला असतो आणि परतीला वाटेतलं कळे गाव यायच्या आधीच पाय सुटतात. मोबाइलवर दर वीस मिनिटांनी गजर लावा, दोन घास खा, पाण्याचा घोट घ्या.

आता शेंगदाणे-गूळ. चवीला नादखुळा, पण दोन्ही एकाच तराजूत तोलू नका. १०० ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास ५० ग्रॅम चरबी आणि जेमतेम १६ ग्रॅम कार्ब. चरबी पोटातून सावकाश पुढे सरकते, त्यात जोर लावताना रक्त पायांकडे वळलेलं असतं. मूठभर शेंगदाणे खाऊन चढाला लागलात तर ते पोटात दगडासारखे बसणार. गूळ मात्र जवळजवळ सगळी साखरच. छोट्या लिंबाच्या निम्म्याएवढा खडा २० ग्रॅमचा भरतो, त्यात १७–१८ ग्रॅम कार्ब. म्हणून गूळ पोटासाठी आणि शेंगदाणे तोंडाच्या चवीपुरते, तेही जाताना. परतीला नकोच. चिक्कीचंही तेच, वर ती कडक असते. धाप लागलेली असताना तुकडा घशात जायची भीती. न्यायचीच तर घरी बारीक फोडून न्या.

पोळपाट_ते_पॅडल
सगळ्यात स्वस्त म्हणजे गूळ-चपातीचा रोल. ३५–४० ग्रॅम कोरड्या कणकेची एक चपाती, किसलेला गूळ सपाट तीन चमचे, कूट एक चमचा, तूप अर्धा चमचा, चिमूट मीठ. एका रोलमध्ये ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब येतात. चपाती पूर्ण गार झाल्यावरच भरा; गरम असताना गुंडाळली की वाफ आत कोंडते, गूळ विरघळतो आणि दोन तासांत खिशात पाक झालेला असतो. कूट त्यासाठीच आहे, तो ओल धरतो. रोलचे चार तुकडे करा, एका वेळी एकच तोंडात.

दुसरं, खजुराच्या कांड्या. बिनबियांचा मऊ खजूर २५० ग्रॅम, किसलेला गूळ ५०, जाडसर कूट ५०, राजगिऱ्याच्या लाह्या ५०, मीठ अर्धा चमचा. खजूर-गूळ हाताने मळा. मिक्सर लावला तर गोळा तापून पात्याला चिकटतो. मग कूट, आणि लाह्या अगदी शेवटी. आधी घातल्या तर चुरा होऊन सगळं चिवट होतं. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून घट्ट पिळा, नाहीतर कांडी मोडते. तुपाचा हात लावून सोळा कांड्या वळा, अंगठ्याएवढ्या. प्रत्येकीत सुमारे १७ ग्रॅम कार्ब. लाडू वळू नका, चालू सायकलवर गोल वस्तू हातातून निसटते. बटर पेपरमध्ये गुंडाळून एकच टोक पिळा, म्हणजे दुसऱ्या बाजूने दातांनी ओढता येते. फॉइल नको, तुकडे तोंडात जातात.

काकवी_क्लब
जेल विकत घ्यायचा विचार कोल्हापुरात बसून कशाला करायचा? गुऱ्हाळाची काकवी आहे की! ६० ग्रॅम काकवी (तीन मोठे चमचे), दोन छोटे चमचे पाणी, लिंबाचे चार थेंब, चिमूट मीठ. साखर साधारण ४० ग्रॅम. दाबायच्या छोट्या बाटलीत भरा आणि दोन-तीन वेळा मिळून संपवा. वर साधं पाणी प्यायलाच हवं, नुसती घट्ट साखर पोटात गेली की मळमळतं.
पाणी मिसळलेली काकवी उन्हात आंबते. झाकण फुगलं की समजा, टाकून द्यायची. एका दिवसापुरतीच भरा आणि बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर जर्सी मुंग्यांची.

रंकाळा_पॅडल
हे झालं गोड. तीन तास गोड खाऊन जीव विटतो. भडंग चालेल?

फ्रीव्हील_सांगावकर
थांबल्यावर चालेल, सायकलवर नको. कोरडा कुरमुरा घशात अडकतो आणि ठसका लागला तर हँडल हातचं जातं. पुडी गगनबावड्यात फोडा. खारट म्हणून उकडलेले छोटे बटाटेही न्या: तीन बटाटे, दीडशे ग्रॅम, ३० ग्रॅम कार्ब, वर मीठ-जिरं. पण उन्हं चढायच्या आत, पहिल्या दोन-अडीच तासांत संपवा.

एका बाटलीत साखर सपाट तीन मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, अर्धं लिंबू. दुसरीत साधं पाणी. लिंबू-साखरेच्या बाटलीत जवळपास ४० ग्रॅम आहेत, ते हिशोबात धरा. ही बाटली संपवता त्या तासात रोलही खाल्लात तर ८० ग्रॅम होतात, आणि सवय नसलेलं पोट गुडगुडू लागतं. गूळ घालायचा असेल तर पाणी फडक्यातून गाळा, उसाचं कूस नोझलमध्ये अडकतं.

मिसळ परत आल्यावर. आधी कट प्यायलात तर अख्खा रस्ता ढेकर.

पोळपाट_ते_पॅडल
म्हणजे दोन रोल (८०), पाच कांड्या (८५), एक लिंबू-साखरेची बाटली (४०). दोनशे झाले, काकवी राखीव. रोल डाव्या खिशात, कांड्या उजव्या, मधल्यात पंक्चरचं सामान. केळी गगनबावड्यात घेऊन तिथेच खा, खिशात घालू नका. पाठीच्या उष्णतेने तासाभरात शिकरण होतं.