परदेशात शिकतानाचे शनिवार-रविवार: तुमचे अनुभव सांगा

पडवीकर
अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, आवराआवर चालू आहे. लाकडं पडवीत आली, झापं बांधून झाली, माळा तेवढा राहिला होता. तिथे माझी जुनी सॅक सापडली आणि तिच्या आतल्या कप्प्यात घडी घातलेलं रेल्वेचं तिकीट. २०१० चं. शाई जवळजवळ उडाली आहे. तासभर झाला, मी जिन्यावरच बसून आहे.

कार्ल्सरूहला एमएस करत होतो. तेव्हा जर्मनीत शनिवार-रविवारसाठी एक तिकीट मिळायचं: पाच माणसं, एक दिवस, देशभर कुठेही जा, फक्त जलद गाड्या सोडून. माणशी आठ युरोंच्या आत पडायचं. त्यामुळे कुठे जायचं यापेक्षा पाचवा कोण, हा प्रश्न मोठा. शुक्रवारी रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जो भांडी घासत असेल त्याला विचारायचं.

पहिली फेरी कॉन्स्टान्झची. ब्लॅक फॉरेस्टमधून तीन तास. त्या मार्गावर ३९ बोगदे आहेत आणि पूर्ण मार्ग सुरू झाला १८७३ मध्ये! मी रत्नागिरीचा, कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून कॉलेजला ये-जा केलेला. बोगदा, दरी, परत बोगदा. उक्षी स्टेशन सोडल्यासारखं वाटत होतं.

स्टेशनबाहेर आलो तर समोर पाणीच पाणी. चार महिन्यांनी एवढं पाणी बघत होतो. काठावर बसलो, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. अळणी. तळं आहे हे माहीत होतं की, पण जिभेला मीठ लागलं नाही तेव्हा घसा दाटून आला. शेजारी आमच्यातली कोलंबियाची मुलगी, कार्ताहेनाच्या किनाऱ्यावरची. तिचीही बोटं ओली होती. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

तुमचं सांगा. कुठे जायचात, काय खायचात, कोण भेटलं.

सुरंगी
स्कॉटलंडमधलं अ‍ॅबर्डीन. डिसेंबरात साडेतीनला दिवस मावळायचा, म्हणून शनिवारी उजाडायच्या आधीच बाहेर पडायचो. स्टोनहेवन गाडीने जवळच, तिथून कड्याकडेने चालत डनॉटर किल्ला. तिन्ही बाजूंनी समुद्र. मला तर विजयदुर्गच आठवला. वारा मात्र असा की बोलायचं ते कानाशी जाऊन बोलायचं.

पण मला सांगायचंय ते मॅकरेलचं. आपल्या बांगड्याच्या अंगावर ठिपके असतात, तिकडच्याच्या पाठीवर नागमोडी पट्टे, अगदी कोणी शाईने ओढल्यासारखे. तेल जास्त सुटतं. पहिल्यांदा मासेवाल्याने डोकं काढायला सुरी उचलली तर मी ओरडलेच, "राहू दे!" आईने दिलेली तिरफळं आणि आगळ घालून कढवलं. हॉस्टेलमधली ग्रीक मुलगी डोक्यासकट खायला बसली. तेव्हापासून आमची मैत्री, आजही आहे.

मालवणी_माणूस
माका वाचूनच भूक लागली. तिरफळा विमानात नेऊक देतत?

सुरंगी
सुकी असली तर मला कधी कोणी अडवलं नाही. बिया काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात. नाहीतर सगळ्या कपड्यांना वास.

आंबापोळी
ऑस्ट्रेलियात मात्र खायचं जे काही असेल ते कार्डावर लिहून द्यावंच लागतं हां. मेलबर्नला उतरले तेव्हा आजीच्या हातची आंबापोळी होती, साटं कापून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. अधिकारी बाईंनी उघडून बघितली, वास घेतला, विचारलं कशाची. आंब्याचा रस उन्हात वाळवून, म्हटलं. आजी करते, देवगडला. त्यांनी कागद जसा होता तसा घडीवर घडी घालून परत बांधून दिला. नव्या देशात माझ्याशी पहिल्यांदा कोणी मायेने वागलं ते तिथे. भटकंतीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मधल्याआळीतली
मी विद्यार्थी नाही, आई आहे. चालेल ना? मुलगा नेदरलँड्समध्ये होता. आमच्या वाडीत रेंज नाही, दापोलीपासून आत आहोत. दर रविवारी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जायचं, तिथल्या कातळावर बसून फोन. त्याची सकाळ संपलेली असायची, सायकलवरून कुठे कुठे जाऊन आलेला असायचा. फोन फिरवून कालवे दाखवायचा. हे पण बोलायचे, पण दोनच वाक्यं, जेवलास का आणि पैसे आहेत का.

ऑक्टोबर संपत आलेला आणि एका रविवारी फोनच नाही. अर्धा तास झाला, पाऊण झाला. अंधार पडला, हे बॅटरी घेऊन वर आले. दोघंही गप्प. नक्की एका तासाने फोन वाजला. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात म्हणे, साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. तो त्याच्या वेळेवरच होता हो. तो एक तास मी अजून विसरलेले नाही.

पडवीकर
काकू, चालेल काय, तुम्ही लिहायलाच हवं होतं. माझी आईही अशीच विहिरीजवळच्या दगडावर उभी राहायची. मी कधी विचारलंच नाही किती वेळ उभी असायची ते.

खाडीपलीकडचा
आमचे शनिवार-रविवार कामाचे. वेल्समधलं कार्डिफ. आठवड्याला वीस तासांची परवानगी, ते सगळे तास शनिवार-रविवारात बसवायचो, हॉटेलात भांडी. बाबांनी कलमांच्या बागेवर कर्ज काढलेलं, त्यामुळे मित्र फिरायला निघाले की मी अभ्यास आहे सांगायचो. एका मालकाने दोन आठवड्यांचे पैसे बुडवले. त्या रात्री घरी फोन केला नाही, आवाजावरून आईला कळलं असतं.

एकच सहल झाली. बॅरीला, गाडीने अर्धा तास. आम्ही दाल्दी, म्हणजे कोकणातले मुसलमान मच्छीमार, बाबा जाळ्याचे, भरती-ओहोटी मला कोणी शिकवावी लागत नाही. तर तिथे पोचलो तेव्हा होड्या चिखलात कलंडलेल्या आणि समुद्र कुठच्या कुठे. दुपारी त्याच धक्क्यावर पाणी चढत चढत शिडीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत. त्या खाडीत उधाणाला भरती-ओहोटीत बारा मीटरच्या आसपास फरक असतो, जगातल्या मोठ्यांपैकी. आपल्याकडे दोन-तीन मीटर. मी सहा तास हललो नाही. शिडीच्या पायऱ्या मोजत बसलो. बाबांना रात्री सांगितलं तर म्हणाले, मग तिथे भांगाला काय होतं ते पण बघून ये.

सुरंगी
😢 बघितलंस का नंतर?

खाडीपलीकडचा
नाही गं. कर्ज फिटलं २०१९ ला, बाग सुटली. बाबांना घेऊन जायचंय एकदा.

शेंबवणेकरीण
भांग म्हणजे काय? आम्ही घाटावरचे 🙈

मालवणी_माणूस
अष्टमीच्या आसपासचा पाणी. भरती पण थोडी, सुकती पण थोडी. आमवाश्या-पुनवेक उधाण.

सध्या_आखेन
मी आत्ता जर्मनीतच आहे, आखेनला, दुसरं सेमिस्टर. दादा, ते पाच जणांचं तिकीट २०१९ मध्ये बंद झालं. आता महिन्याचा पास असतो, मे २०२३ ला ४९ युरोंत सुरू झाला होता, मग वाढत गेला. सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या चालतात. त्यामुळे पाचवा माणूस शोधावा लागत नाही, मी बऱ्याचदा एकटाच जातो. तुमचं वाचून वाटलं या शनिवारी कुणाला तरी विचारावं.

इथून बसने नेदरलँड्समधल्या फाल्सला जाता येतं, वर टेकडीवर तीन देशांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळे रिकाम्या बाटल्या घेऊन मशीनपुढे रांगेत. प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट. गेल्या शनिवारी त्या पैशांत तांदूळ आला.

मधल्याआळीतली
बाळा, तू कुठला? घरी रविवारी फोन करतोस ना?

सध्या_आखेन
गुहागर, काकू. करतो. पण आई दोनच मिनिटांत ठेव म्हणते, तुझे पैसे जातील म्हणते. व्हिडिओ कॉलला पैसे पडत नाहीत हे किती वेळा सांगितलं.

मधल्याआळीतली
ती रडू येतं म्हणून ठेवते रे. तू परत लाव.

आंबापोळी
कुकर झाला. आता वाचते सगळं. खाडीपलीकडचा, तुम्ही मिरकरवाड्याचे का? माझी मावशी तिथेच राहते.

खाडीपलीकडचा
नाही, पलीकडे भाट्याला. मावशीकडे आलात तर या.

पडवीकर
पावसाचे दोन टपोरे थेंब आले, लाकडांवर कापड टाकून येतो. आखेनवाल्या, शनिवारी गेलास तर पाचवा कोण मिळाला ते इथे लिही.