साडेचार वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही

ताई, मुलगा दिवसभर पळतो, जेवतानाही बसत नाही आणि सासूबाई डॉक्टरला दाखव म्हणून मागे लागल्यात हे वाचलं आणि आमचे दिवस आठवले. माझा मोठा असाच होता, पडवीतून अंगणात, अंगणातून माडाच्या आळ्यात, पण किनाऱ्यावर रापण ओढायला लागले की वाळूत उकिडवा बसून जाळं वर येईपर्यंत हलायचा नाही, आणि दमला की गाढ झोपायचा. धाकटीचं वेगळं होतं. आवडती गोष्टसुद्धा अर्ध्यावर सोडून उठायची, एसटी समोरून येताना हात सोडवून रस्त्यावर धावायची, आणि बालवाडीतल्या बाई, आजोळची माणसं सगळे तेच सांगायचे.

हे असं सगळीकडे दिसणं महत्त्वाचं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) म्हणण्याआधी डॉक्टर बघतात की लक्षणं किमान ६ महिने आहेत का, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसतात का आणि त्यामुळे मुलाचं काही अडतंय का. ४ वर्षांच्या आत सहसा निदान करत नाहीत. आधी कान तपासून घ्या, रात्री घोरतो का बघा, कारण झोप नीट झाली नाही की लहान मुलं पेंगत नाहीत, उलट जास्त उड्या मारतात.

औषधाला एवढ्यात घाबरू नका, ६ वर्षांखाली सुरुवात आईबाबांना वागणूक हाताळायचं शिकवण्यापासूनच करतात. बालवाडीतल्या बाई काय म्हणतात ते मात्र विचारून इथे लिहा.