एका क्लिकमध्ये रूट आणि फॅक्टरी रिसेटचा गैरसमज

अँड्रॉइड फोन रूट करण्यासाठी, म्हणजे त्यावरचे सर्वोच्च अधिकार मिळवण्यासाठी, 'एका क्लिकमध्ये रूट करणारे ॲप वापरून पाहावे आणि नको वाटल्यास फॅक्टरी रिसेट करावा' असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी सहमत नाही. रिसेटने वापरकर्त्याचा डेटा पुसला जातो. सिस्टम विभागात (जिथे मूळ अँड्रॉइड असते) लिहिले गेलेले मात्र तसेच राहते. माझ्या जुन्या टॅबलेटवर दोनदा रिसेट करूनही रूट करणाऱ्या साधनाने बसवलेले ॲप यादीत हजर होते आणि त्यापुढे 'अनइन्स्टॉल'चे बटणच नव्हते. शेवटी मूळ फर्मवेअर (कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा फ्लॅश करावे, म्हणजे नव्याने बसवावे लागले.

ही साधने बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइड चालू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक न करता, बहुधा कर्नलमधील (अँड्रॉइडच्या गाभ्यातील) एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन सर्वोच्च अधिकार मिळवतात. 2014 मधील टॉवेलरूट या अशाच साधनाने अँड्रॉइडमधील लिनक्स कर्नलच्या फ्युटेक्स या भागातील त्रुटी वापरली होती, आणि 2016 मध्ये जाहिरातींमधून अँड्रॉइड 4 च्या उपकरणांत शिरलेल्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनेही टॉवेलरूटचाच उपयोग केला. म्हणजे ज्या फोनवर असे साधन यशस्वी होते, त्या फोनचे दार इतरांनाही तितकेच उघडे असते, आणि मला हीच बाब सर्वांत चिंताजनक वाटते.

रूट हवेच असेल, तर बूटलोडर अधिकृत मार्गाने अनलॉक करून (यात सहसा सर्व डेटा पुसला जातो, म्हणून बॅकअप आधी घ्यावा) मुक्त स्रोत असलेले मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन वापरावे. अनलॉक केल्यावर व्हेरिफाइड बूटचे (सुरू होताना सिस्टममध्ये फेरफार झालेला नाही ना, हे तपासण्याचे) संरक्षण मात्र उरत नाही, त्यामुळे त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.